मागच्या भिंतीतलं सिमेंट

आमचं घर लिस्टेड होतं. म्हणजे जुनं म्हणून कायद्याने जपलेलं: मधाच्या रंगाचे दगड, दगडी चौकटीच्या बुटक्या खिडक्या, आणि त्यांची काच बदलायलासुद्धा कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी. ब्रॅकनेलच्या ऑफिसात मी त्याचे फोटो दाखवत मिरवायचो.

पुण्याहून बाबा राहायला आले. सगळी नोकरी बांधकाम खात्यात झालेली; दगडांच्या सांध्यांतून चुना झडलेला त्यांना बघवेना. मी ऑफिसात असताना त्यांनी सिमेंट आणलं आणि मागच्या भिंतीचे खालचे सगळे सांधे बुजवून टाकले. संध्याकाळी मला हाताला धरून तिथे नेलं. "बघ. आता पन्नास वर्षं चिंता नाही."

एरवी साधं हॅलोही न म्हणणाऱ्या शेजारणीने कौन्सिलला तत्परतेने कळवलं. तिथली बाई आली. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते, म्हणाली. सिमेंटमुळे ती आत कोंडते आणि दगड फुटतो. सगळं हाताने, छिन्नीने काढा. तिचं बरोबरच होतं. माझंच चुकलं. बाबा शेजारी उभे असताना मी तिला इंग्रजीत म्हणालो, "माफ करा, म्हातारे झालेत, त्यांना यातलं काही कळत नाही."

बाबांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं.

सिमेंट निघालं, सांध्यांत पुन्हा चुना भरला. बाबा मात्र परत जाईपर्यंत, खोलीतली खिडकी उघडायचीही माझी परवानगी मागत राहिले.