बोराडे सरांचे फिल्टर

चार माणसं एका नादाला लागली की मूळ काम मागं पडतं अन् सांगण्यासारखं मात्र साठत जातं. आमच्या जालन्याच्या खगोल मंडळानं सात-आठ वर्षांत धड फोटो काढले दोन. बाकी सगळे किस्सेच.

अध्यक्ष बोराडे सर. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मेहुणा अमेरिकेत, तो दर खेपेला ताऱ्यांच्या फोटोसाठी लेन्सपुढं लावायच्या काचा, म्हणजे फिल्टर, आणायचा. सरांना आकाशापेक्षा फिल्टरचं कौतुक जास्त. मी चिटणीस, म्हणजे ट्रायपॉड उचलणारा.

* * *

पहिला फिल्टर शहरातल्या दिव्यांचा उजेड अडवणारा. तो लावायला सर आम्हाला कुठं घेऊन गेले, तर हसनाबादच्या शिवारात. शेतमालक कोंडिबा बराच वेळ बघत होते.

"ही काच कशाला लावून राह्यले, सर?"

"रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड अडवायला."

कोंडिबांनी चारी बाजूंच्या अंधारात नजर फिरवली. "मंग दिवे पण सोबत आणायचे न्हाई का?"

* * *

त्या रात्रीचा रोल धुवायला शकीलभाईंकडं दिला. लग्नाचे फोटो काढणारा सज्जन माणूस. आठ दिवसांनी प्रिंट हातात आले ते काळेकुट्ट.

"लई धूळ होती, सर," शकीलभाई म्हणाले. "एकेक पांढरा ठिपका ब्रशनं काळा केला. तीन दिवस लागले."

* * *

दसऱ्याला सरांच्या आईनं घरातल्या हत्यारांबरोबर फिल्टरचीही पूजा केली. पुढच्या महिन्यात सरांनी अंधश्रद्धेवर भाषण दिलं अन् शेवटी आपण टिपलेला तेजोमेघ पडद्यावर दाखवला. अंधुक, पसरट डाग.

पहिल्या रांगेतून आई म्हणाल्या, "अरे, ती माझी हळद."

* * *

तांबडा फिल्टर मात्र सगळ्यांना भोवला.

ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर त्यानं तेजोमेघ खुलतात, हे खरं. पण तो शकीलभाईंच्या उसन्या लेन्सवर बसेना. सरांनी पाइपाची गळती बुजवायचा मसाला लावून तो चिकटवला, अन् लेन्स तशीच, काही न सांगता, परत केली.

शकीलभाईंनी बॅग उघडली ती अंकुशनगरच्या लग्नात, मांडवात. फिल्टर निघेना. दुसरी लेन्स नव्हती. वरात दारात. काढले फोटो.

लग्नाचे फोटो तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटच, अन् लाल काचेतून लाल रंग त्या फिल्मवर पांढरा उतरतो. नवरीचा लाल शालू पांढरा आला अन् कपाळावरचं कुंकू गायब. सगळ्या फोटोंत.

शकीलभाई सरांना ओढतच तिच्या सासरी घेऊन गेले. मीही गेल्तो. नवरी दाराशी डोळ्यांना पदर लावून उभी होती. सासूबाईंनी अल्बम पुढ्यात ठेवला.

चूक झाली, एवढं म्हणायचं होतं. सरांनी प्रकाशाचं तासभर लेक्चर दिलं. "यात अशुभ काही नाही," ते म्हणाले. "शिकलेल्या माणसानं असल्या गोष्टी मानू नयेत."

"बराबर हाय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग उद्या तुमच्या मंडळींना घेऊन या. ह्याच काचेतून त्यांचा फोटो काढू, अन् तो तुमच्या बैठकीत लावा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ती माहेरी गेलीय," ते म्हणाले.

मी सकाळीच वहिनींच्या हातचा चहा पिऊन आल्तो.