साडूंचे शेरे

माझे साडू सांगलीच्या एका हायस्कुलात ड्रॉइंगमास्तर आहेत आणि मी साताऱ्याला इंजिनियर कचेरीत नकाशांची मापे तपासतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे आमची तुलना लग्नापासूनच होत आली आहे. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि दीड इंचाने उंच. सासुरवाडीला जेवणानंतर मुले त्यांच्याभोवती गोळा होत. माझ्याशी सासरे पाटबंधाऱ्यांविषयी बोलत. याचे मला पूर्वी काही वाटत नसे. वाटू लागले ते माझी मुलगी चित्रे काढू लागल्यावर.

लढाईचे चौथे वर्ष होते. मुलगी तेरा वर्षांची. तिला ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा द्यायची होती आणि तिच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर लष्कराच्या नोकरीत निघून गेले होते. दुसरे कोणी मिळेना. तेव्हा दर रविवारी सकाळी तिचे कागद मीच तपासायचे ठरवले. मी चित्रकार नव्हे, पण रेघ सरळ आहे की नाही हे मला कळते.

मी फूटपट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन बसे. चूक दिसेल तिथे बारीक फुली, समासात आकडा आणि खाली यादी. ‘तांब्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा एक सूत वर. तळ तिरका. मान दोन सूत जास्त रुंद.’ तिने काढलेल्या पहिल्या तांब्यात सतरा चुका निघाल्या, चौथ्यात अकरा. ही प्रगती होती आणि मी तिला तसे सांगितलेही.

“अकराच,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली.

तांब्याच्या दोन्ही बाजू सारख्या येईनात म्हणून मी तिला कचेरीतली एक रीत दाखवली. कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, मधल्या उभ्या रेघेपासून डाव्या कडेपर्यंतचे अंतर तिच्यावर टिंबाने उतरवायचे आणि तेच उजवीकडे मांडायचे. पुढच्या रविवारी तीनच चुका निघाल्या. मला फार बरे वाटले.

वैशाखात एका लग्नासाठी साडू आमच्याकडे दोन दिवस उतरले होते. त्यांनी कागद चाळले.

“हे लाल काय? तांब्याला गोवर आलाय का?”

“चुका आहेत,” मी म्हणालो. “मोजून काढल्यात.”

“तुम्ही मोजल्यात म्हणजे बरोबरच असणार.” मग ते मुलीकडे वळले. “काय गं, या तांब्यातनं तू पाणी प्यायलीस का कधी?”

ती हसू लागली. “हा चित्रातला आहे, काका.”

“मग घरातला घे. भर, उचल, पी आणि मग काढ. वजन हाताला कुठं लागतं ते बघ.”

ती तीनदा पाणी प्यायली आणि तिने एक तांब्या काढला. त्याचा खांदा दोन सूत चुकला होता, हे मी पाहिले. पण तो तांब्या जमिनीवर बसला होता. माझ्या हाताखाली काढलेले सगळे हवेत होते, हेही मला त्याच क्षणी दिसले आणि ते मी बोललो नाही.

बायको म्हणाली, “तिचे कागद सांगलीलाच पाठवत जाऊ या.” साडू लगेच हो म्हणाले. आमच्या गल्लीत पोस्टमन मोठे पाकीट उंबऱ्यावर टाकून जाई, म्हणून परतीचा पत्ता मीच माझ्या कचेरीचा दिला.

पाकिटे येऊ लागली. साडू मुलीच्या कागदावर पेन्सिल टेकवत नसत. वर पातळ ट्रेसिंगचा कागद टाचून त्यावर दोन-चार रेघा मारीत आणि खाली शेरा लिहीत. आधी काय जमले ते, मग एकच दोष, मग करायचे काय. ‘कळशीचं तोंड छान फिरलं आहे. मागची कड कुठून जाते हे तुला कळलं आहे. आता एवढंच कर: पोट काढताना हात मनगटापासून नको, कोपरापासून फिरव. आधी दहा वेळा हवेत, मग कागदावर.’

त्या दिवशी पानावर बसल्यावरही तिचा हात हवेत फिरत होता.

“आरती चाललीय का?” बायको म्हणाली. “भात वाढू की कापूर आणू?”

दोघी हसत सुटल्या. मी जेवत राहिलो.

एका कागदावर एकच दोष. पहिल्या तीन पाकिटांत मिळून त्यांनी चौदा दोष दाखवले होते. त्याच कागदांत मी मोजले तेव्हा एकशे बारा निघाले. अठ्ठ्याण्णव चुका या गृहस्थांनी डोळ्यांआड केल्या आणि तरी मुलगी सुधारत होती, हे मला पटत नव्हते आणि दिसत मात्र होते. त्यांचे शेरे ती भूगोलाच्या वहीत जपून ठेवी. माझ्या याद्या कुठे गेल्या ते मला माहीत नव्हते.

मग एका रविवारी तिने माझ्यापुढे फक्त भूमितीचे कागद ठेवले.

“आणि फ्रीहँड, नुसत्या हातानं काढायचं?” मी विचारले.

“ते काकांना पाठवलं.”

“मी बघितल्याशिवाय?”

“यात मोजावं लागतं ना, बाबा. म्हणून हे तुम्हाला.”

तिने ते चांगल्या मनाने म्हटले होते. भूमितीत मला एकही चूक सापडली नाही. त्यानंतरचे सगळे रविवार तसेच गेले.

परीक्षा गणपती उठल्यावर होती आणि केंद्र सांगलीचे घेतले होते, तेही साडूंच्या सल्ल्याने. परीक्षेला पंधरा दिवस असताना कचेरीत पाकीट आले. मी ते टेबलाच्या खणात ठेवले आणि संध्याकाळी घरी नेले नाही. विसरलो असे मी सांगू शकलो असतो, पण मी विसरलो नव्हतो. तिने दारातच विचारले, “आलं का?” मी नाही म्हणालो. काकांचे पाकीट आले नाही म्हणून तिचा चेहरा उतरला, तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते. मला थोडे समाधान वाटले. त्या आठवड्यात तिने चार वेळा विचारले आणि चारही वेळा मी नाही म्हणालो.

आमच्या कचेरीत पलटणीतून परतलेला एक शिपाई होता. दौत ठेवायला तो रोज माझ्या टेबलाशी येई. नवव्या दिवशी त्याने उघड्या खणाकडे पाहिले.

“आवं रावसाहेब, लेकीचं टपाल अजून हितंच हाय व्हय?”

“न्यायचं आहे.”

“पलटणीत कुणी दुसऱ्याचं टपाल दाबलं, तर आमी त्याच्याशी बोलत नव्हतो,” तो म्हणाला आणि दौत पुसत निघून गेला.

मी पाकीट फोडले. आत सात कागद होते. वरच्याच कागदाला शेरा होता: ‘कडेला बारीक टिंबं दिसतात. पट्टी लावतेस ना? फ्रीहँडच्या पेपरात पट्टी लावताना दिसलीस तर पेपर बाद होईल. हे वाचशील त्याच दिवशी पट्टी बंद. सुरुवातीला उजवी बाजू फुगेल, फुगू दे. रोज पाच काढ. पंधरा दिवस आहेत, तेवढे पुरतात.’

पट्टी कोणी शिकवली हे त्यांच्या लक्षात आले असणारच. ते त्यांनी लिहिले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

संध्याकाळी पाकीट तिच्या हातात दिले. तिने शेरा वाचला, पाकिटावरचा साताऱ्याचा शिक्का पाहिला आणि बोटांवर मोजले. मोजायला तिला मीच शिकवले आहे.

“नऊ दिवस?”

“कचेरीत राहिलं.”

“कचेरीत कुठं?”

“माझ्या खणात.”

आत जाऊन तिने ती कागदाची पट्टी आणली, माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिलीला टोक करायला बसली. सहा दिवसांत तिने चौतीस चित्रे काढली. सगळ्यांची उजवी बाजू फुगलेली. कागद मिळत नव्हता, म्हणून ती माझ्या जुन्या याद्यांच्या पाठीवर काढत होती. मी जवळ गेलो की ती हात थांबवी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला घेऊन सांगलीला गेलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार कराडपर्यंत दोनदा बंद पडली. पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. चहा होताच साडूंनी तिच्यापुढे एक फुलपात्र ठेवले. तिने काढले. त्यांनी कागद हातात धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“पंधरा दिवसांत एवढंच? रोज पाच म्हटलं होतं मी.”

“जमलं नाही, काका.”

“पंच्याहत्तर व्हायला हवे होते. किती काढलेस?”

“चौतीस.”

“निम्मेसुद्धा नाहीत. गणपतीची आरास करत बसलीस होय?”

ती पेन्सिलीकडे पाहत राहिली. तिची मावशी म्हणाली, “असू द्या हो, उद्या परीक्षा आहे पोरीची.”

“परीक्षा आहे म्हणूनच बोलतोय.”

मी वाट पाहिली. ती आता सांगेल असे वाटत होते. तिने सांगितले नाही, आणि सांगणारही नव्हती.

“पंधरा नव्हते,” मी म्हणालो. “सहाच दिवस मिळाले तिला. पाकीट नऊ दिवस माझ्या खणात होतं.”

“विसरलात का?” साडूंनी विचारले. त्यांनी मला सुटायला वाट ठेवली होती.

“नाही. ठेवलं होतं.”

मेहुणी कपबशा उचलून आत गेली. साडू मुलीकडे वळले.

“सहा दिवसांचे तीस. म्हणजे चार जास्तच काढलेस. मघाचं बोलणं मागे घेतलं. आता हा कागद उलटा धर.”

तिने फुलपात्र खाली डोके वर पाय केले.

“कुठं फुगलंय?”

“इथं,” तिने लगेच बोट ठेवले.

“झालं. उद्या काढून संपलं की असंच एकदा उलटं करून बघ. त्याला काही लावावं लागत नाही.”

अर्ध्या मिनिटाचे काम. बावीस वर्षे मी नकाशे तपासतो आहे, एकही कधी उलटा धरून पाहिला नव्हता. मी कबुली दिली तो क्षणसुद्धा शेवटी त्यांचाच झाला.

सकाळी तिला केंद्रावर पोचवायला मी एकटाच गेलो. ड्रॉइंग बोर्ड माझ्या काखेत होता.

“काल सांगायची गरज नव्हती,” ती म्हणाली. “काका थोडं रागावले असते, एवढंच.”

“तुझ्यावर रागावत होते.”

“मग पाकीट ठेवलंत कशाला?”

“तू मला फ्रीहँड दाखवेनाशी झालीस.”

“तुम्ही बघत नाही, बाबा. तुम्ही मोजता,” ती म्हणाली आणि फाटकाशी माझ्याकडून बोर्ड घेऊन आत गेली.

ती ‘सी’ ग्रेडमध्ये पास झाली. साडू म्हणाले, आणखी चार-आठ दिवस मिळते तर ‘बी’ होती. ते खरे असावे. पुढची परीक्षा सांगलीला राहून द्यायची तिची इच्छा होती. मी हो म्हणालो, तेव्हा बायकोने माझ्याकडे दोनदा वळून पाहिले.

आता ती सुट्टीत घरी येते तेव्हा कागद आणते आणि जमिनीवर पसरते. मी हात पाठीमागे धरून उभा राहतो. या दिवाळीत कण्हेरीची एक फांदी होती. मी बराच वेळ पाहिले.

“वरच्या पानांवर ऊन आहे,” मी म्हणालो. “खालच्यांवर नाही.”

ती खूश झाली. “काकापण हेच म्हणाले.”

“कधी?”

“इकडे यायच्या आधी. मंगळवारी.”

“म्हणजे आधी ते म्हणाले,” मी म्हणालो, आणि पुढचा कागद पाहायला खाली बसलो.