झोळीतली झोप

घिवलीत बिऱ्हाड केलं तेव्हा बाळ तीन महिन्यांचं होतं. वीजकेंद्राच्या बांधकामावर ह्यांना नोकरी लागली होती. वाडीतल्या एका घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या. घरमालकीण काकी पानवेलींच्या वाडीत राबून राबून काटक झालेल्या. स्वतःची पाच मुलं वाढवलेली, त्यामुळे माझ्या बाळाचा ताबा त्यांनी पहिल्याच दिवशी न विचारता घेतला.

रोज दुपारी साइटवर भोंगा व्हायचा आणि पाठोपाठ खडकात सुरुंग उडायचे. फडताळातली भांडी थडथडायची. जमिनीवर गोधडीत निजलेलं बाळ दोन्ही हात उडवून किंचाळायचं आणि मग तिन्हीसांजेपर्यंत सूर लावायचं. मी रडकुंडीला आले होते. आमच्या घाटावर असला धिंगाणा नव्हता, असं मी ह्यांना दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. जणू सुरुंग हेच लावत होते.

शेवटी काकींनीच दिवसाला वळण लावलं. सकाळी तेल, आंघोळ, धुरी. मग सहाणेवर गुटी: वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग आणि शेवटी जायफळ. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. त्यानंतर मी पाजायचं आणि भोंग्याच्या आधी त्याला वाशाला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत घालायचं.

आठवड्यात घडी बसली. सुरुंग उडाले, कौलांतून माती पडली, तरी झोळी हलेना. मला हायसं वाटलं. शेजारणी बघायला यायच्या. "गुणी हाय गो तुजं पोर," म्हणायच्या. मीही मूठभर मांस चढल्यासारखी त्यांना चहा करून द्यायची. दुपारी निवांत भात खाता येऊ लागला होता, आणखी काय हवं होतं?

मग एके दिवशी झोळीच्या बाजूलाच माझ्या हातून पितळी परात निसटली. तिचा आवाज ओटीपर्यंत गेला. काकी धावत आल्या. परात गोल फिरत थांबली, घर शांत झालं आणि झोळीही तशीच शांत. मी वाकून पाहिलं. बाळ जागं होतं. स्वतःची बोटं बघत होतं.

काकींनी माझ्याकडे पाहिलं.

"जायफल जास्त झाला आसंल," त्या म्हणाल्या. "माजा हात सैल हाय. गुंगी ऱ्हाते अंगात."

मी ते लगेच मानलं. दुसरं काही मानायचं बळ नव्हतं. गुटी बंद केली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, चार दिवस जाऊ देत." ते चार दिवस मी त्याच्या डोळ्यांत गुंगी शोधत होते. डोळे लख्ख होते. तरी मी स्वतःला सांगत होते, अंगातून उतरायला वेळ लागतो.

मग एका दुपारी त्याला जागंच झोळीत ठेवलं आणि हात न लावता समोर उभी राहिले. जे पोर रडू नये म्हणून इतके दिवस जिवाचं रान केलं, ते आता रडावं म्हणून देवाचा धावा करत होते. भोंगा झाला. त्याने मान वळवली नाही. मग सुरुंग उडाले, एकामागून एक. मी तयारीत असूनही दचकले, आणि माझं ते दचकणं बघून तो बोळकं पसरून खुदकन हसला.

तेव्हा मला कळलं. गोधडीवर असताना तो आवाजाला नाही, हादरणाऱ्या जमिनीला भीत होता. आम्ही त्याला जमिनीवरून उचललं आणि भीती गेली. बाळाला ऐकूच येत नव्हतं.

थोड्या वेळाने काकी दार हळूच लोटून चवड्यांवर आत आल्या.

"निजला काय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"मोठ्याने बोला, काकी," मी म्हणाले.