लढायचं की बोलायचं

रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात वर्षानुवर्षं बसलं की गाड्या विसरायला होतात, माणसं काय बोलली ते मात्र साचत जातं. बदलून आलेलं कोणी ना कोणी विचारतंच, "देशपांडेजी, वो लड़ाई के दिनों का कुछ सुनाइए ना!" मग मी सुरू होतो. आधीच सांगतो, यात हसण्यासारखं फार नाही.

त्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या होत्या. वर रोज बैठका चालायच्या : हल्ला वाढवायचा की बोलणी करायची? आमच्या झाशीत हा प्रश्न सकाळच्या चहालाच निकालात निघायचा. निकाल ऑफिसातले तिवारीजी द्यायचे. "बातचीत बहुत हो गई, अब घुस के मारो!" टेबलावर अशी मूठ आपटायचे की कप उडायचे.

शेजारच्या टेबलावरचे निगमजी एरवी गाडीच्या नंबराशिवाय तोंड उघडत नसत. एकदा स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले, "तिवारीजी, घुसेगा कौन?"

निगमजींचा एकुलता एक मुलगा, आशीष, तोफखान्यात होता. तिवारीजी उठले आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

\*

घरी, सीपरी बाजारात, वेगळीच तऱ्हा. आमच्या ओवीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. टीव्हीवर बैठकीतून बाहेर पडणाऱ्या गाड्या दाखवत होते.

"बाबा, ये लोग रोज क्या डिसाइड करते हैं?"

"लढायचं की बोलायचं, ते."

"आप और आई झगड़ते हो, तो पहले कौन बोलता है?"

"आई," मी खरं ते सांगितलं.

ओवीनं टीव्हीकडे बोट केलं. "तो इनमें आई कौन है?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी टीव्ही बंद केला.

\*

फौजेच्या स्पेशल गाड्या सुरू झाल्या, तसे स्टेशनवर हार-मिठाईवाले पुढारीही सुरू झाले. मी काही कामानं प्लॅटफॉर्मवर गेलो होतो. एका स्थानिक नेत्यानं भर दुपारी भाषण चढवलं होतं. ऊन मी म्हणत होतं. रिकाम्या बाटल्या हातात घेऊन जवान उभे होते.

"हम एक कदम पीछे नहीं हटेंगे!" नेताजी गरजले. टाळ्या पडल्या.

पुढचा एक पोरगेला जवान हात जोडून म्हणाला, "थोड़ा हट जाइए, साहब. नल आपके पीछे है."

\*

एका संध्याकाळी गाड्या सोडायच्या कंट्रोल बोर्डावर निगमजी होते. दिल्लीकडे जाणारी फौजेची एक स्पेशल त्यांच्या हद्दीत शिरली. आशीषनं आदल्या दिवशी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "पापा, शायद आपके यहाँ से निकलेंगे." निगमजींनी गाडीतल्या युनिटचं नाव पाहिलं आणि ओळखलं, आशीषचीच तुकडी.

तिवारीजी हळूच म्हणाले, "निगमजी, दो मिनट रुकवा दूँ? भाभीजी को बुला लीजिए."

"पीछे दो गाड़ियाँ और हैं," निगमजी म्हणाले आणि स्पेशल न थांबवता थ्रू सोडली.

ती झाशीतून जात होती तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. घरून होता. पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, "आशीष का फोन नहीं लग रहा. कहाँ होगा?"

निगमजी स्क्रीनवर सरकणाऱ्या गाडीकडे बघत होते. "मुझे क्या पता," ते म्हणाले, "मैं तो ड्यूटी पर हूँ."

त्यानंतर तिवारीजींच्या तोंडून 'घुस के मारो' कधी ऐकलं नाही.

\*

आता शेवटचा किस्सा. गुरुवारच्या बैठकीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. ती निर्णयाविना उठली. 'सगळे पर्याय खुले आहेत, शनिवारी पुन्हा बसू,' असं जाहीर झालं. त्याच गुरुवारी संध्याकाळी आशीषच्या तोफेपाशी गोळा पडला. शनिवारी बैठक झाली, बोलणी करायचं ठरलं आणि तोफा थांबल्या.

आशीष हॉस्पिटलमधून ओरछा गेटजवळच्या घरी आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्या बैठकांमध्ये बसलेले एक मोठे नेते त्याला भेटायला आले. शाल, श्रीफळ, कॅमेरे, सगळं आलं. आम्ही ऑफिसवाले भिंतीला चिकटून उभे होतो.

नेत्यांनी त्याला शाल पांघरवली आणि ते शेजारी बसले. माणूस वाईट नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. "बेटा, आसान नहीं था," ते म्हणाले. "एक तरफ जंग, एक तरफ बातचीत. हमने बहुत तौला, बहुत सोचा. आखिर बातचीत चुनी. तुम फौजी हो, तुम बताओ, फैसला कैसा रहा?"

निगमजी जमिनीकडे बघत होते. आशीषनं अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"अच्छा फैसला है, सर," तो म्हणाला. "गुरुवार को भी अच्छा ही था."