घंटा मीच वाजवली

घंटा माझ्या देवघरातली होती, हे आधी लिहून टाकते. त्याशिवाय मला नक्की कोणाचा राग आला होता ते कळणार नाही.

२००४ साली आम्ही अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला राहत होतो. मुलीच्या व्हायोलिनच्या बाईंनी तिला गावातल्या कम्युनिटी हॉलवर धाडलं. महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला तिथे ओपन माइक असे. दाराशी कागदावर नाव लिहायचं, पाळी आली की पुढे जाऊन गायचं किंवा वाजवायचं. फिडल, बँजो, डोंगराकडची जुनी गाणी. मुलगी तीन महिन्यांत कंटाळली. मी राहिले, कारण त्यांची यादी मला बघवेना. एकच नाव दोनदा, खोडाखोड, वर कॉफीचे डाग. ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळायचे. मी रकाने आखून दिले: नाव, वाद्य, सुरुवात, शेवट.

"आई, यू डोन्ट इव्हन प्ले एनिथिंग," मुलगी म्हणायची.

"मी पेन वाजवते," मी म्हणायचे.

महाराष्ट्र मंडळातली मैत्रीण तर फोन करून विचारायची, "काय गं, निघालीस का गोऱ्यांच्या भजनाला?"

हॉल ज्याच्या ओळखीने मिळाला होता तो गृहस्थ गिटार वाजवायचा. गाणी स्वतःची, बहुतेक स्वतःच्याच घटस्फोटावर. प्रत्येकाला दहाच मिनिटं हा नियम हवा, असं तोच म्हणाला. मला पटलं. नियम मी लिहिला, टाइप केला, दारावर चिकटवला. वेळ संपल्याचं कळावं म्हणून घरून छोटी पितळी घंटा नेली. देवाला जागं करायची वस्तू माणसांना गप्प करायला वापरतेय, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये एक बाई आल्या. ऐंशीच्या घरातल्या, उत्तर जॉर्जियाच्या डोंगरातल्या. वाद्याच्या रकान्यात त्यांनी 'नाही' असं लिहिलं. माइकपासून हातभर लांब उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून गायला लागल्या. गाण्यातली बाई नदीपलीकडे मीठ आणायला निघालेली. नावाडी थोडं अंतर गेलं की काहीतरी मागतो. आधी तिची शाल, मग अंगठी. नाव मधोमध आली, नावाड्याने वल्हं थांबवलं, तो तिसरं काहीतरी मागणार, इतक्यात माझ्या घड्याळात दहा मिनिटं भरली. मी घंटा वाजवली.

बाईंनी डोळे उघडले. "माझं काही चुकलं का, हनी?"

मी उत्तर देण्याआधीच गिटारवाला टाळ्या वाजवत पुढे आला. "थँक यू, मॅम! ब्यूटिफुल!" पुढची पाळी त्याची होती. त्याने तेरा मिनिटं घेतली. मी कागदावर तेरा लिहिलं आणि घंटेला हात लावला नाही. तेवढ्यात बाईंनी स्वेटर अंगात घातला आणि त्या निघून गेल्या.

आमच्याकडे कहाणी अर्धी सोडून उठत नाहीत. लहानपणी मला शिंक आली तरी आई हातातल्या अक्षता खाली ठेवू द्यायची नाही; कहाणी संपली की मगच वाहायच्या. आणि मी नदीच्या मधोमध एका बाईला सोडून पुढचं नाव पुकारलं होतं.

एप्रिलमध्ये त्या आल्या नाहीत. मेमध्येही नाहीत. खुर्च्या रचताना मी गिटारवाल्याला म्हटलं, "त्यांना पूर्ण गाऊ द्यायला हवं होतं."

"रूल इज रूल. आणि लिहिलास तूच," तो हसत म्हणाला. "लोक कंटाळतात. गाणं आहे ते, टीव्ही सिरियल नाही."

"तू तेरा मिनिटं घेतलीस."

"वन्स मोअर होता तो."

"मागितला कोणी?"

त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "रिलॅक्स. तसंही हे तुमचं म्युझिक नाही."

घरी येऊन मी फाइल काढली. नऊ शुक्रवारांपैकी सात वेळा तो दहाच्या वर गेला होता. सातही नोंदी माझ्या, सुवाच्य अक्षरात. त्याला पकडायला बसले होते आणि सापडले मी. त्या रात्री मी जितकी भांडी आपटली तितकी आयुष्यात आपटली नसतील.

बाईंचा नंबर यादीत होता. फोनवर म्हणाल्या, "माझ्यामुळे लोकांचा खोळंबा नको." मी गाडी काढली आणि त्यांच्या घरी गेले. त्या टेबलाशी फरसबी मोडत होत्या. मीही एक मूठ उचलली. गाणं त्यांच्या आजीचं होतं. टोपलीभर शेंगा मोडून होईपर्यंत ते पुरायचं, म्हणून तेवढं लांब.

"नावाडी तिसरं काय मागतो?" मी विचारलं.

"मधूनच नाही सांगता येत, हनी. पहिल्यापासून म्हणावं लागतं."

"मग हॉलवर म्हणा. मी न्यायला येते."

"आणि ती घंटा?"

"तुमच्यासाठी नाही वाजणार."

जूनच्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. 'शेवट' या रकान्यात मी आडवी रेघ मारली. गिटारवाल्याने कागद पाहिला. "हे काय?"

"यादी मी करते," मी म्हटलं. "नको असेल तर आजपासून तू कर." त्याने कागद खाली ठेवला.

बाई सतरा मिनिटं गायल्या. नावाड्याने तिसऱ्यांदा मागितलं तिचं नाव. तिने ते दिलं नाही. वल्हं हिसकावून घेतलं, त्याला तिथेच पाण्यात उतरवलं आणि मीठ घेऊन एकटीच परत आली. हॉलमध्ये कोणी कंटाळलेलं मला तरी दिसलं नाही.

मग गिटारवाला. दहाव्या मिनिटाला, ध्रुवपद ऐन वर चढलेलं असताना, मी घंटा वाजवली. जोरात. त्याने गिटार खाली घेतली. मी पुढचं नाव पुकारलं.

परतताना बाई माझ्याच गाडीत होत्या. घराशी उतरताना म्हणाल्या, "तसं करायला नको होतंस, हनी. तोही मधेच होता."

"यस, मॅम," मी म्हटलं.

बरोबर होतं त्यांचं. पण त्याचं गाणं पुढे कसं संपतं ते मी आजवर कोणाला विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.