कोंडाबाईची संध्याकाळची कॉफी

कोंडाबाई आमच्या कासार आंबोलीच्या घरी कामाला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं अण्णांच्या कॉफीवर घागरभर पाणी ओतलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मागच्या अंगणातल्या चुलीवर लोखंडी कढईत कॉफीच्या बिया भाजत होते. फोन वाजला म्हणून आत गेले आणि बोलत बसले. कोंडाबाई अंगण झाडत होती. कढईतून निळा धूर यायला लागला, बिया तडतडायला लागल्या. तिला वाटलं, म्हातारा चुलीवर काहीतरी विसरला. तिनं घागर उचलली आणि ओतून मोकळी झाली.

अण्णा बाहेर येऊन कढईकडे बघतच राहिले. मग ओरडले, "अगं, काय केलंस हे!"

"जळत व्हतं की! घर पेटलं असतं म्हंजी?"

"कॉफी होती ती!"

"आसंल. पन जळत व्हती."

अण्णांना हसू आलं. आई गेल्यापासून मी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्या दोघांची ओळख आठवते ती इथपासून.

कोंडाबाई वरच्या डोंगरातल्या वाडीची. नवरा धाकलू दुसऱ्यांच्या रानात गवत कापायला, भात लावायला जायचा. ती उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पुढे हिरडा असं काय काय पाटीत घालून पौडच्या बाजारात बसायची. गुडघे धरायला लागले तसं डोक्यावर पाटी घेऊन उतरणं जमेना, म्हणून तिनं आमच्याकडचं काम धरलं. अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. समोर कोण आहे हे बघून आवाज बदलायची तिला सवय नव्हती.

अण्णांनी नोकरीतली बरीच वर्षं चिकमगळूरला काढली होती. तिथून येताना ते एक पितळी फिल्टर, हातानं फिरवायची चक्की आणि कॉफीचं वेड घेऊन आले. तिथले एक मित्र त्यांना कच्च्या, हिरवट बियांचं पोतं पाठवायचे. पोतं कोरड्या जागी वर्षभर राहायचं, त्याला काही होत नसे. पण एकदा का बी भाजली, की अण्णांची घाई सुरू व्हायची. भाजलेली बी दोन-तीन आठवडे खरी, दळलेली पूड एक-दोन दिवस, असं त्यांचं गणित. म्हणून ते थोडंच भाजायचे आणि कपापुरतंच दळायचे.

हे त्यांनी कोंडाबाईला समजावून सांगितलं, तेव्हा तिनं मान हलवली. "पिठावानीच की मग. दळन जुनं झालं की इरी जाती, भाकर थापाय गेलं की तुटती."

"तसंच. फक्त इथं वास जातो."

पुढे भाजायचं काम आपसूक तिच्याकडे गेलं. नाचणी, वरई, शेंगदाणे भाजण्यात तिचा हात बसलेला होताच. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसायचे. "अजून थोडी," "बास, उतरव," असं चालायचं. पहिली तडतड झाली की ती त्यांच्याकडे बघायची, ते बोट वर करायचे. मग सुपात पाखडून बिया गार करायच्या. टरफलं वाऱ्यावर उडून जास्वंदीवर बसायची. तिला स्वतःला कॉफी कधी आवडली नाही. "कडू जहर," म्हणायची आणि आपला गुळाचा चहा उकळायची. पण घोट घेतल्यावर अण्णांचा चेहरा कसा होतो, हे मात्र ती दारात उभी राहून बघायची.

मी तेव्हा महाळुंग्याला राहायला आले होते. ऑफिसच्या कामानं परदेशी गेले की अण्णांसाठी भारीतली कॉफी आणायची. चकचकीत पाकिटं, वर पुढच्या वर्षापर्यंतची तारीख. अण्णा पाकीट फोडून हुंगायचे, "छान आहे हो ऋतिका," म्हणायचे आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायचे. एकदा मी फ्रिज उघडला तर आतल्या लसणाच्या चटणीचा वास त्या कॉफीला येत होता. पुढच्या वेळी मोजे आणले.

एका हिवाळ्यात अण्णांच्या छातीत धडधड सुरू झाली. रात्री झोप नाही, दिवसभर थकवा. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि विचारलं, "कॉफी किती घेता?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खरं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांनाच कॉफी बाधते असं नाही. पण तुमची धडधड आणि झोप बघता सकाळी एक कप, बस. दुपारनंतर थेंबही नको."

सकाळचा प्रश्न नव्हता. संध्याकाळी पाच वाजता ते आणि आई व्हरांड्यात बसून कॉफी घ्यायचे. आई गेल्यावरही त्यांनी ती वेळ सोडली नव्हती. आता पाच वाजले की ते नुसते फेऱ्या मारायचे. वर्तमानपत्र उघडायचे, मिटायचे. कोंडाबाईनं चहा दिला, तो निवून गेला. दूध दिलं, ते मांजरानं प्यायलं. बोलणंही कमी झालं. फोनवर मला नुसतं "ठीक आहे" ऐकू यायचं.

काही दिवसांनी आवाज बदलला. अण्णा पुन्हा पावसापाण्याच्या, झाडांच्या गोष्टी सांगायला लागले. मला बरं वाटलं. त्या शनिवारी न कळवता गेले, तर व्हरांड्यात अण्णा बसलेले, हातात वाफाळता कप, तपकिरी रंग, भाजका वास.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. "कोंडाबाई, डॉक्टर काय म्हणाले होते? तुम्ही त्यांना संध्याकाळी कॉफी देता?"

"हळू बोला, ताई." तिनं माझा हात धरला आणि मला मागच्या चुलीपाशी नेलं. परातीत काळसर, चपट्या, मुगापेक्षा बारीक बिया होत्या. "ही काय कॉफी हाय का? टाकळा हाय ह्यो. रस्त्याच्या कडंला उगावतो त्यो."

टाकळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी मी खाल्ली होती. त्याच्या बियांचं काही करतात हे मला माहीत नव्हतं.

"आमची आय भाजायची," ती म्हणाली. "वाडीवर चाची पूड कुठनं यायची? पावसात तर वाटच बंद. मग टाकळं भाजायचं, कुटायचं, गूळ घालून उकळायचं. अण्णांचा जीव लई तळमळाय लागला, म्हनून म्या करून दिलं. गपगुमान पितुयात. झोप बी लागती."

"त्यांना कळलं नाही?"

"न्हाई. कॉफीच हाय म्हनून दिली. पानी जरा जास्त घातलंय म्हनलं."

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "पातळ करून कपभर देत असतील तर चालेल. पोट ढिलं झालं तर बंद करा." आणि आम्ही दोघींनी ठरवलं, अण्णांना सांगायचं नाही.

पुढच्या सगळ्या संध्याकाळी तशाच गेल्या. मी आले की तिघं व्हरांड्यात बसायचो. अण्णा टाकळा, मी दुधाचा चहा, कोंडाबाई पायरीवर तिचा गुळाचा. समोर भाताची खाचरं, त्यापलीकडे नव्या बंगल्यांची लाल छपरं, आणि अण्णा सांगायचे चिकमगळूरच्या मळ्यांबद्दल: कॉफीला फुलं आली की अख्खा डोंगर पांढरा कसा होतो, आई सुरुवातीला त्या वासानं कशी कंटाळली आणि मग परत आल्यावर त्याच वासासाठी कशी हळहळली. कोंडाबाई मध्येच आपली वाडी सांगायची. आता ते दिवस आठवले की वाटतं, मी तिथं आणखी बसायला हवं होतं.

दिवाळीच्या सुमारास मी अण्णांबरोबर फिरायला गेले. रस्त्याकडेला टाकळा वाळून उभा होता. अण्णा थांबले, एक लांब शेंग तोडली, हातावर चोळली आणि बिया माझ्यापुढे धरल्या.

"छान पिकल्यात यंदा. कोंडाबाईला वर्षभर पुरतील."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"अगं, इतकी वर्षं कॉफी पितोय मी. पहिल्याच घोटाला कळलं. शिवाय खऱ्या कॉफीनं मला रात्रभर जागवलं असतं. ही पिऊन मी घोरतो आणि सकाळी पोटही साफ होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बिया खिशात टाकल्या. "ती गुडघे धरून चुलीपाशी बसते, माझ्यासाठी. बोललो असतो तर ओशाळली असती. आणि मग तू, डॉक्टर, सगळे त्यावर बोलत बसला असता. आता कसं, पाच वाजले की कॉफी येते."

अण्णा गेले त्याला आता काही पावसाळे झाले. झोपेतच गेले. घर बंद असतं, मी महिन्यातून एकदा जाते. कोंडाबाईचं काम सुटलं. गुडघ्यांनी ती वाडीवरून फारशी उतरत नाही. मागच्या महिन्यात तिचा मुलगा विकास पौडला भेटला आणि मला मोटारसायकलवर वर घेऊन गेला.

ती पडवीत बसली होती. मला बघून उठायला लागली, मी बसवलं. इकडचं तिकडचं झालं आणि इतक्या दिवसांचं मनात होतं ते मी सांगून टाकलं. "कोंडाबाई, अण्णांना माहीत होतं. टाकळा आहे ते."

"कदीपास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हंजी येवडे दीस म्याच येडी?" ती खरोखर चिडली. "रोज इचारायची, अण्णा, कॉफी कशी झालीया? आन् त्यो मानूस म्हनायचा, झ्याक!" मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता पदरानं डोळे पुसत होती.

"बरं झालं," जरा वेळानं ती म्हणाली. "त्यांच्याशी खोटं बोलले, ह्ये लई खुपत व्हतं. देवाला बी सांगून झालं व्हतं. आता न्हाई खुपायचं."

सुनेनं आतून पाणी आणलं. कोंडाबाईनं माझ्या गालाकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "ताई, तुमी किती वाळलाव. कोन हाय का बगनारं?" तिनं उत्तराची वाट बघितली नाही. सुनेला हाक मारून म्हणाली, "तांदूळ टाक गं. ही जेवल्याबिगर खाली उतरायची न्हाई."