चाळीसचा हिरवा आकडा

त्या काळी परभणीत कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायची पद्धत होती. आमच्या छापखान्यात तर उंबऱ्याशी पायपुसणं टाकून मी गाभाऱ्यातल्या पुजाऱ्यासारखा उभा राहायचो. औरंगाबादेत सहा महिन्यांचा कोर्स केलेला मी एकटाच. मालकही मला विचारून कळ दाबत. मला तर प्रेक्षक लागतातच.

मशीनच्या तोंडावर हिरव्या आकड्यांत वेग दिसायचा, तेहतीस. एका दुपारी मी मशीनचा डबा उघडला, आतली वेग ठरवणारी एक चिमुकली प्लॅस्टिकची टोपी उचलून शेजारच्या काड्यांवर बसवली, वेग तेहतीसचा चाळीस केला आणि तोंडावरचा आकडाही तसा लावला. मालक येईल त्या गिऱ्हाइकाला तो आकडा दाखवू लागले. मी बाजूला उभा राहून संकोचाचा अभिनय करायचो.

आठवडाभरात मशीन मधूनच बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागलं. बोरीहून एसटीनं येणाऱ्या ऑपरेटर बाई लग्नपत्रिका टाइप करत. पडदा काळा व्हायचा, मजकूर जायचा आणि मेमरी मोजणारे आकडे पहिल्यापासून धावायचे. मालक म्हणाले, बाईंना जमत नसेल तर दुसरं माणूस बघू.

मी मोठ्या थाटात तपासणी मांडली. स्टॅबिलायझर बदलला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून दोन बादल्या पाणी ओतलं. उन्हाळा होता, डब्याला हात लावला तर चटका बसत होता. वाढवलेल्या वेगानं मशीन तापतंय, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण चाळीसवरून खाली यायचं म्हणजे मालकांच्या नजरेतून मीच उतरायचं. म्हणून मी म्हणालो, बाईंच्या बांगड्या कीबोर्डला घासतात, त्यानं करंट जात असेल.

मालकांना पटलं. नळावर जाऊन साबणाचं पाणी लावून बाईंनी हिरव्या बांगड्या एकेक उतरवल्या, रुमालात बांधल्या आणि कामाला बसल्या. अर्ध्या तासात पडदा काळा झाला. मालक बाहेर गेले होते. बाईंनी दोन्ही मनगटं माझ्यापुढं धरली.

“भाऊ, हात मोकळे हायेत. आता कशानं बंद पडलं?”

मी अर्थिंगबद्दल काहीतरी पुटपुटलो. त्या जेवायला गेल्यावर टोपी मुकाट्यानं जुन्या जागी बसवली. तोंडावरचा आकडा वेगळ्या टोप्यांनी लावता यायचा. तो मालकांसाठी चाळीसच ठेवला.

मशीन पुन्हा बंद पडलं नाही. मालकांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. दारावर चपलांच्या सूचनेखाली बांगड्यांची सूचना लागली, माझ्याच वळणदार अक्षरात.

तीन-चार दिवसांनी बाईंनी सकाळी मशीन सुरू केलं. मेमरीचे आकडे धावताना त्यांनी इतक्यांदा पाहिले होते की त्यांची चाल त्यांना पाठ झाली होती.

“मोजणी पयल्यावानी सावकाश चाललीय, भाऊ. आकडा तेवढा चाळीस दावायलाय.”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मालक आत आले. मी म्हणालो, उन्हानं होतं असं. बाई बांगड्या उतरवायला साबणाची वडी घेऊन नळावर गेल्या.

हा किस्सा मी कितीदा तरी रंगवून सांगितलाय, मालकांच्या नकलेसकट. लोक पोट धरून हसतात. दर वेळी मी अर्थिंगच्या खड्ड्यात दुसरी बादली ओततो आणि तिथंच थांबतो.